बटणांचा फोन: मेनूतलं किती वापरलं, किती पडून राहिलं

नोकियाचा ३३१० हा फोन २००० साली बाजारात आला. त्याचा मेनू उघडला की एकेक विभाग समोर यायचा: फोनबुक, मेसेजेस, चॅट, कॉल रजिस्टर, टोन्स, सेटिंग्ज, कॉल डायव्हर्ट, गेम्स, कॅल्क्युलेटर, रिमाइंडर, घड्याळ, प्रोफाइल्स आणि शेवटी सिमकार्डवाल्या कंपनीच्या सेवा. प्रत्येक विभागात पुन्हा उपविभाग, त्यांच्यातही आणखी पर्याय. जगभरात या फोनचे १२ कोटी ६० लाखांच्या आसपास नग खपले. त्यानंतर २००३ मध्ये आलेल्या ११०० ने तर २५ कोटींचा आकडा ओलांडला. एवढ्या हातांत एवढे सगळे पर्याय पोचले, त्यांतले वापरात किती आले? जे आले ते लोक कुठे आणि कुणाकडून शिकले? आणि जे पडून राहिलं ते का पडून राहिलं?

आज बटणांच्या फोनबद्दल बोलताना ‘तेव्हाचे फोन किती सोपे होते’ असा सूर हमखास लागतो. तो तपासून पाहिला पाहिजे. त्या फोनचा मेनू सोपा नव्हता. घराघरांत कुणीतरी एक जण त्यात वाकबगार असे आणि बाकीचे ‘जरा हे बघून दे रे’ म्हणत फोन पुढे करत. आढावा घेत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जे काम मेनूत न शिरता होत होतं, ते लोकांच्या अंगवळणी पडलं. जे मेनूच्या पोटात होतं, ते कुणी शेजारी बसून शिकवलं तरच वापरात आलं.

एक बटण, अनेक कामं

मेनूची अडचण समजून घ्यायची तर आधी जागेची अडचण पाहावी लागते. नोकियाच्या ५११० आणि ३३१० या दोन्ही फोनची स्क्रीन ८४ ठिपके रुंद आणि ४८ ठिपके उंच होती, म्हणजे एकूण ४,०३२ ठिपके. एवढ्यात चित्र, अक्षरं, रेंजचे आणि बॅटरीचे दांडे सगळं बसवायचं. एका वेळी मेनूतला एकच विभाग दिसणार, बाकीचे बाण दाबत शोधायचे.

यावर नोकियाने काढलेला तोडगा म्हणजे ‘नावी-की’. १९९७ च्या ३११० या फोनमध्ये ती पहिल्यांदा आली. ख्रिश्चन लिंडहोम या डिझायनरचं नाव तिच्याशी जोडलं जातं. स्क्रीनच्या खाली एक मोठं बटण, आणि त्याचं काम कायमचं ठरलेलं नाही. स्क्रीनच्या तळाच्या ओळीत जो शब्द उमटेल, तेच त्या घटकेला बटणाचं काम. फोन नुसता पडून असेल तर तिथे ‘मेनू’ दिसे. यादीत शिरलात की ‘सिलेक्ट’, फोन वाजला की ‘आन्सर’, बोलणं चालू असताना ‘एंड’, बटणं लॉक असतील तर ‘अनलॉक’. जोडीला मागे जाण्यासाठी ‘सी’ आणि वर-खाली जाण्यासाठी बाण. या फोनांवर हिरवं-लाल बटणही नव्हतं. सगळा कारभार या चार खुणांवर चाले.

इतर कंपन्यांच्या वाटा वेगळ्या होत्या. एरिक्सनच्या फोनांवर ‘येस’ आणि ‘नो’ अशी दोन बटणं असत. आत शिरायचं, मान्य करायचं, फोन उचलायचा तर येस, मागे फिरायचं किंवा फोन ठेवायचा तर नो. सोनीने बाजूला एक फिरतं चाक बसवलं, ते अंगठ्याने फिरवायचं आणि दाबायचं. ज्याच्या हाताला एका कंपनीची सवय लागली, त्याला दुसरीचा फोन परका वाटे. म्हणूनच घरातला दुसरा फोन घेतानाही ‘नोकियाच घे, मला तोच येतो’ असं लोक म्हणत. तो कौल फोनच्या दर्जाला असेल-नसेल, हाताच्या सवयीला नक्की होता.

नोकियाच्या मेनूत आणखी एक सोय होती, ती फार थोड्यांनी पाहिली. प्रत्येक पर्यायाला क्रमांक होता आणि तो स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात दिसे. मेनू उघडून तेच आकडे भराभर दाबले की बाण न दाबता थेट तिथे पोचता येई. कॉलेजची मुलं अशा वाटा तोंडपाठ करत आणि खिशातल्या खिशात, न बघता, फोन सायलेंटवर टाकत.

हे सगळं ज्या शब्दांवर उभं होतं ते शब्द मात्र इंग्रजी होते. बटणाचं काम स्क्रीनवरचा शब्द सांगणार, आणि तो शब्द वाचता आला नाही तर एका बटणाची ही सगळी हुशारी वाया. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनी यातूनही मार्ग काढला. शब्द सोडून त्यांनी दाबण्याचा क्रम पाठ केला: एकदा मधलं, तीनदा खाली, पुन्हा मधलं. म्हणून फोन बदलला की सगळं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून करावं लागे.

मेनूच्या बाहेरचा कारभार

भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल आणि मॅक्स टचची सेवा सुरू झाली. गर्दीच्या वेळचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. येणारे फोन फुकट झाले ते मे २००३ पासून. ही आठ वर्षं लक्षात घेतल्याशिवाय आपल्याकडे फोन कसा वापरला गेला हे समजत नाही.

पैसे वाचवणं हीच पहिली गरज असल्यामुळे फोनमधली जी सोय पैसे वाचवत होती ती सगळ्यांत आधी रुळली. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मिस्ड कॉल. हा पर्याय कुठल्याही मेनूत नव्हता, कुठल्याही कंपनीने तो विकला नाही. नंबर लावायचा, एक-दोन रिंग होऊ द्यायच्या आणि कापायचा. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, असे घराघराचे संकेत ठरले. येणारे फोन फुकट झाल्यावर मिस्ड कॉल आणखी फोफावला, कारण आता समोरच्याने उलट फोन केला की आपला खर्च शून्य. पुढे त्याचा धंदाही झाला. बेंगळुरूच्या झिपडायल या कंपनीने मिस्ड कॉलवर जाहिरातीची सेवा उभी केली आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या लोकपाल आंदोलनानेही पाठिंबा मोजण्यासाठी मिस्ड कॉलच मागितले होते.

दुसरी गोष्ट बॅलन्सची. प्रीपेडमध्ये किती रुपये उरले हे बघायला मेनू नव्हता, कोड होता. स्टार, तीन-चार आकडे, हॅश आणि डायल. प्रत्येक कंपनीचा कोड निराळा, पण तो ज्याच्या-त्याच्या जिभेवर. रिचार्ज व्हाउचर घ्यायचं, नाण्याने खरवडायचं, निघालेला लांबलचक आकडा कोडमध्ये घालून पाठवायचा. इंग्रजीचं एक अक्षरही न वाचू शकणारे लोक हे काम बिनचूक करत. आकडे सगळ्यांना येतात, बटणांवर ते छापलेले असतात, आणि त्यांचा क्रम कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून देता येतो. मेनूतली वाट अशी लिहून देणं जमत नाही.

बटणं लॉक करण्याचंही तसंच. मधलं बटण आणि लगेच स्टार, की लॉक. खिशात फोन लागून फुकट पैसे जाऊ नयेत म्हणून हे पहिल्याच दिवशी शिकवलं जाई. बटणं लॉक असतानाही ११२ हा आणीबाणीचा नंबर लागतो, ही त्यातलीच पण फारशी कुणाला न सांगितली गेलेली सोय. स्पीड डायल मात्र घरोघरी पोचलं. कुणीतरी एकदा मेनूत जाऊन दोन आकड्यावर मुलाचा, तीनवर मुलीचा नंबर बसवून दिला की आजीला फक्त ते बटण दाबून धरायचं. पाचच्या बटणावर हाताला लागणारा बारीकसा उंचवटा असतो, त्यावरून चष्म्याशिवायही जागा सापडते.

कॉल रजिस्टर हा मेनूतला विभाग असूनही वापरला गेला, त्यालाही कारण पैशाचंच. शेवटचं संभाषण किती मिनिटांचं झालं हे तिथे दिसे. बिल मिनिटावर असल्याने एकसष्टाव्या सेकंदाला दुसरं मिनिट लागायचं, आणि एकोणसाठाव्या सेकंदाला बोलणं आवरायची कला लोकांनी कमावली. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला, इतर कंपन्यांना मागोमाग यावं लागलं आणि ही कला अडगळीत गेली.

एसएमएस: १६० अक्षरं आणि मराठीची गळचेपी

मेनूच्या आत असूनही ज्याने मेनूची भीती मोडली तो एसएमएस. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून एका मोबाइलवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, तो पहिला एसएमएस. आपल्याकडे तो लोकप्रिय झाला, कारण बोलण्यापेक्षा स्वस्त. एसएमएसची पॅकं निघाली. दिवाळी, ३१ डिसेंबर अशा दिवशी मात्र पॅक चालत नसे आणि प्रत्येक संदेशाला पूर्ण पैसे पडत. त्यामुळे शुभेच्छा आदल्या दिवशीच धाडण्याची प्रथा पडली. जाहिरातींचा मारा रोखण्यासाठी २०११ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली, आणि थोड्याच आठवड्यांत ती २०० केली.

संदेश लिहिणं हे बोटांचं खरंखुरं कसब होतं. दोनच्या बटणावर ए, बी, सी. एसाठी एकदा दाबायचं, बीसाठी दोनदा, सीसाठी तीनदा. आता रोमन लिपीत ‘आई’ लिहून बघा: ए, ए, आय. पहिला ए उमटला की लगेच दोन दाबता येत नाही, नाहीतर त्याचा बी होतो. कर्सर पुढे सरकेपर्यंत थांबायचं, मग दुसरा ए, मग आयसाठी चार हे बटण तीनदा. तीन अक्षरांना पाच दाब आणि मध्ये एक श्वासभर थांबा. तरीही एसटीच्या गर्दीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या अंगठ्याने अख्खा संदेश लिहिणारी मुलं होती.

ही मेहनत वाचवण्यासाठी सिॲटलच्या टेजिक कंपनीने टी-नाइन काढलं. प्रत्येक अक्षरासाठी बटण एकदाच दाबायचं, शब्द कोणता ते फोनच्या पोटातला शब्दकोश ओळखणार. १९९९ च्या ३२१० मध्ये ते होतं. शब्दकोश मात्र इंग्रजी. दोन, दोन, चार दाबलं की आपल्या मनात ‘आई’, पण त्याच तीन बटणांवर इंग्रजी ‘बॅग’ बसतो आणि शब्दकोशाला तोच माहीत. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने टी-नाइन पहिल्याच आठवड्यात बंद केलं. आणि बंद कसं करायचं हे ज्याला माहीत नव्हतं त्याचे संदेश वाचणाऱ्याला कोडी सोडवावी लागत.

मग देवनागरी का नाही? इथे हिशेब आडवा आला. एका संदेशाला १,१२० बिट एवढी जागा. रोमन अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला सोळा बिट, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, वेलांटी, हलन्त यांची स्वतंत्र मोजणी. ‘महाराष्ट्र’ हा आपल्या लेखी चार अक्षरांचा शब्द, फोनच्या लेखी दहा खुणांचा. म्हणजे रोमन लिपीत हा शब्द १६० पैकी ११ जागा घेई, देवनागरीत ७० पैकी १०. त्याच पैशात देवनागरीत निम्म्याहून कमी मजकूर. त्यातून समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी नसेल तर त्याला नुसते चौकोन दिसणार. नंतरच्या स्वस्त फोनांत हिंदीबरोबर मराठी मेनूही आला, आणि पुढे तर फोनवर सगळ्या भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत असं सरकारी मानकच झालं. पण तोवर एक पिढी रोमन लिपीत मराठी लिहायला सरावली होती. आज व्हॉट्सॲपवर दिसणाऱ्या रोमन मराठीचं मूळ बऱ्याच अंशी या हिशेबात आहे.

हौसेने धुंडाळलेले कोपरे

मेनूच्या आतले दोन कोपरे मात्र लोकांनी कुणी न सांगता शोधले. एक म्हणजे साप. तानेली अरमांतो या फिनिश अभियंत्याने नोकिया ६११० साठी हा खेळ बसवला. दोन, चार, सहा, आठ या चार बटणांवर साप वळवायचा. नियम सांगावा लागत नाही, भाषा लागत नाही. मेनू उघडणं, बाण दाबत जाणं, सिलेक्ट करणं हे धडे हजारो मुलांनी सापाच्या निमित्तानेच गिरवले.

दुसरा कोपरा रिंगटोन कंपोजरचा. ३३१० मध्ये एक ते सात या बटणांवर सात स्वर होते. पेटीवर पांढरी एकचा षड्ज धरला तर एक म्हणजे सा, दोन रे, तीन ग, आणि असं सातपर्यंत नी. आठ दाबलं की स्वर आखूड होई, नऊ दाबलं की लांब. शून्य म्हणजे विश्रांती, स्टारने सप्तक बदले. हॅश दाबला की स्वर अर्ध्या पायरीने वर चढे: साचा कोमल रे, मचा तीव्र म. तीन आणि सातवर हॅश चालत नसे, आणि पेटीवर बोट ठेवून पाहिलं की त्याचं कारण समजतं: शुद्ध ग आणि म यांच्यामध्ये, तसंच नी आणि वरचा सा यांच्यामध्ये काळी पट्टी नसते. सरगम येणाऱ्या मुलांना हे पटकन जमलं. बाकीच्यांसाठी बटणांचे क्रम छापलेल्या पातळ पुस्तिका फुटपाथवर मिळत, त्यात हिंदी गाण्यांपासून आरत्यांपर्यंत सगळं असे. एका वेळी एकच स्वर, मींड नाही, ठेका नाही. तरीही आपण स्वतः टाकलेली धून बसमध्ये वाजली की मान ताठ होई.

या दोन्ही कोपऱ्यांत चुकलं तर नुकसान काही नव्हतं. साप मेला तर पुन्हा सुरू, धून बिघडली तर पुसून टाका. सेटिंग्जमध्ये मात्र ‘काहीतरी दाबलं जाईल आणि फोन बंद पडेल’ ही धास्ती असे.

पडून राहिलेलं सामान

ती धास्ती अगदीच निराधार नव्हती. सिमचा पिन तीनदा चुकला की सिम अडकतं आणि आठ आकडी पीयूके मागतं, तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद. पिन चालू करणं हा सुरक्षेचा चांगला उपाय होता, पण ज्या घरात एकदा सिम अडकलं त्या घराने पुन्हा त्या पर्यायाकडे ढुंकून पाहिलं नाही. नोकियाचा सुरक्षा कोड कारखान्यातून १२३४५ असाच येई, बदलायचा असतो हे गावी नसल्याने तो बहुतेक फोनांत तसाच राहिला.

व्हॉइसमेलचं नशीब त्याहून वाईट. एकच्या बटणासारखी मोक्याची जागा त्याच्यासाठी राखलेली होती. आपल्याकडे निरोप ठेवायला शेजारीपाजारी होते आणि मिस्ड कॉल होता. यंत्राशी बोलायचं आणि त्याचे पैसेही द्यायचे हे कुणाला पटणार? कॉल डायव्हर्ट, कॉल वेटिंग, कॉन्फरन्स या सोयी कचेऱ्यांपलीकडे गेल्या नाहीत. प्रोफाइल्समध्ये मीटिंग, आउटडोअर, पेजर असे भेद होते, व्यवहारात दोनच उरले: आवाज चालू आणि आवाज बंद. रिमाइंडर आणि कॅलेंडर यांची जागा भिंतीवरच्या कालनिर्णयने आधीच घेतलेली होती.

शेवटच्या विभागाची, सिम सेवांची, तऱ्हा निराळी. तिथे लोक आपणहून जात नसत, त्या सेवाच लोकांकडे येत. बॅलन्स पाहावा तर त्याच्या मागून एक खिडकी उघडे, त्यात क्रिकेट, भविष्य किंवा कॉलरट्यून. खिडकी घालवायला ओके दाबलं की सेवा चालू आणि पैसे वजा. इंग्रजी न वाचता क्रमाने बटणं दाबणारा माणूस यात सगळ्यांत आधी सापडे, कारण ओके दाबणं हीच त्याची पुढे जायची पद्धत. तक्रारी वाढल्यावर २०१३ मध्ये ‘ट्राय’ने अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणं बंधनकारक केलं. तोवर अनेकांच्या रिचार्जला गळती लागून गेली होती.

याच्या उलट उदाहरण नोकिया ११०० च्या टॉर्चचं. हा फोन धूळ आणि घाम सोसेल असा बनवलेला, आणि त्याच्या टोकाला दिवा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन चाललं त्या वर्षांत रात्री मोटर चालू करायला शेतावर जाणाऱ्याला तो उपयोगी पडला. ही सोय समजून घ्यायला कुणाला माहितीपुस्तक उघडावं लागलं नाही.

शिकवणारे आणि शिकणारे

माहितीपुस्तक खोक्यात असे, पण ते वाचून फोन शिकलेला माणूस विरळा. खरे शिक्षक दोन: घरातली दहा-पंधरा वर्षांची मुलं आणि नाक्यावरचा मोबाइलवाला. नंबर ‘फीड करून देणं’ हे मोबाइलवाल्याचं बिनपैशाचं काम होतं. तो सिममध्ये फीड करायचा की फोनमध्ये, हा बारकावा गिऱ्हाइकाला माहीत नसे. फोनमध्ये केले असतील तर हँडसेट बदलल्यावर नंबर गेले, सिममध्ये असतील तर वाचले.

या शिकवण्याला एक मर्यादा होती. मुलगा स्वतः करून देई, आईला करायला लावत नसे. त्यामुळे कितीतरी घरांत बायकांचा फोन म्हणजे उचलणं आणि ठेवणं, एवढाच राहिला. मुलगा पुण्या-मुंबईला गेला की घरातला मेनूचा जाणकारही गेला. ‘तेव्हाचे फोन सोपे होते’ असं म्हणणारे बहुतेक जण त्या काळी करून देणाऱ्यांपैकी होते, करून घेणाऱ्यांपैकी नव्हते. ही बाजू धरल्याशिवाय आढावा पुरा होत नाही.

फायदा किती झाला

फोनने लोकांचं उत्पन्न वाढलं का, यावर दोन अभ्यास मुद्दाम शेजारी ठेवण्यासारखे आहेत. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या मच्छीमारांचा १९९७ ते २००१ या काळातला अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रेंज समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत पोचत होती. होडीतूनच बंदराबंदरांत फोन लावून भाव विचारता येऊ लागल्यावर भावांतली तफावत खूप घटली, माल फेकून देणं जवळपास थांबलं, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

दुसरा अभ्यास आपल्याकडचा. २००७ मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट या सेवेने महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना मराठीतून बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला एसएमएसने द्यायला सुरुवात केली. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी राज्यातल्या १०० गावांत तिचा परिणाम तपासला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शेतकऱ्याला मिळालेल्या भावात किंवा पिकाच्या नुकसानीत सरासरीने म्हणावा असा फरक पडला नाही.

मासळी आणि शेतमाल, बंदर आणि बाजार समिती यांत अंतर मोठं आहे, त्यामुळे दोहोंची सरळ तुलना करता येणार नाही. तरी एक फरक नोंदवायला हवा. केरळातला मच्छीमार फोनवर घासाघीस करत होता, प्रश्न विचारत होता, उत्तर पटलं नाही तर दुसरा नंबर लावत होता. आपल्या शेतकऱ्याच्या इनबॉक्समध्ये संदेश येऊन पडत होता. बटणांच्या फोनची ताकद बोलण्यात होती, आणि मेनूतून माहिती पोचवणाऱ्या पुढच्या अनेक योजनांनी ही गोष्ट पुरेशी ओळखली नाही.

आजचा हिशेब

हा विषय जुना झालेला नाही. बटणांचे फोन आजही विकले जातात आणि सरकारी-बँकिंग सेवा त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे प्रयत्न चालू आहेत. *९९# या कोडवरची बँकसेवा २०१४ मध्ये देशभर खुली झाली, त्यात मराठीही आहे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे आणलं, त्यात फोन लावून आवाजी सूचनांप्रमाणे किंवा मिस्ड कॉल देऊन पैसे पाठवता येतात. म्हणजे वीस वर्षांपूर्वी लोकांनी स्वतः शोधलेल्या वाटेवर यंत्रणा आता आली आहे. २०१७ पासून नव्या साध्या फोनांवर पाच किंवा नऊ हे बटण दाबून धरलं की आणीबाणीचा फोन लागला पाहिजे असा नियम आहे. तोही मेनूबाहेरचाच.

कोडची वाट चोरांनाही सापडली. ‘अमुक नंबर डायल करा’ असं सांगून लोकांकडून कॉल डायव्हर्ट चालू करून घ्यायचा आणि बँकेचे फोन आपल्याकडे वळवायचे, असे प्रकार इतके वाढले, की दूरसंचार विभागाला एप्रिल २०२४ मध्ये कोडवरून होणारं कॉल फॉरवर्डिंग थांबवायला सांगावं लागलं. ज्या सोयीला वीस वर्षं कुणी विचारलं नाही, तिची ओळख अनेकांना फसवणुकीतून झाली.

निकाल द्यायचाच तर तो असा. बटणांच्या फोनचा मेनू गरजेपेक्षा मोठा, परक्या भाषेतला आणि शिकवणाऱ्यावर अवलंबून होता. त्याचा एकच गुण निर्विवाद: आज शिकलेली वाट पाच वर्षांनीही तीच राही. रात्रीतून अपडेट येऊन बटण जागचं हललं, असं त्या फोनवर कधी झालं नाही. आजच्या फोनची भाषा सुधारली, पण ही स्थिरता गेली, आणि तिचा फटका त्याच लोकांना बसतो ज्यांना तेव्हा इंग्रजीचा बसला होता.

घरात कुणी अजून बटणांचा फोन वापरत असेल तर त्यांच्याशेजारी अर्धा तास बसा. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय वहीत उतरवून ठेवा, फोन हरवला तर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तो ब्लॉक करायला हाच आकडा लागतो. दोन-तीन नंबर स्पीड डायलवर बसवा. आणीबाणीचं बटण पाच आहे की नऊ ते पाहून दाखवा. कुणी फोनवरून सांगितलेला स्टार-हॅशचा कोड डायल करायचा नाही, हे बजावून सांगा. आणि हे सगळं करताना फोन त्यांच्याच हातात राहू द्या.